नानाचा साहेब झाला

लोक सूड घ्यायला कोयता घेतात, अभिमननं एम.ए. घेतलं.

त्याची आई शेवंताबाई धुळ्याच्या एका जिनमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रात कापूस टाकायला जायची. तिथला मुकादम तोताराम. पण त्याला तोताराम म्हणायची कुणाची टाप नव्हती; अख्खा जिन त्याला नाना म्हणे. ‘नानासाठी जरा थांबा’ म्हटलं की बाया दिवेलागणीपर्यंत राबत, वर ‘नाना आपला माणूस शे’ म्हणत घरी जात. आपला माणूस! असला आपला माणूस वैऱ्यालाही मिळू नये.

अभिमन शाळेत असताना शेवंताबाईचा उजवा हात यंत्रात गेला. हात आत जाऊ नये म्हणून पट्ट्यावर असलेली जाळी नानानंच काढून ठेवली होती. चौकशीला इन्स्पेक्टर यायच्या आधी नाना दवाखान्यात येऊन खाटेशी बसला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “अक्का, भाऊले जेलमा धाडशी का?” आणि त्या भोळ्या बाईनं इन्स्पेक्टरला सांगितलं, चूक माझीच, झोप लागली होती. महिन्याभरानं ती कामावर गेली तेव्हा याच भावानं तिला फाटकातूनच परत पाठवलं. थोट्या बाईचं जिनमध्ये काय काम, म्हणाला. अभिमन तेव्हा आईबरोबर होता. त्यानं ते ऐकलं आणि गिळलं, पण पचवलं नाही.

धुळ्यातच देवपुरात खोली घेऊन शेवंताबाईनं डाव्या हातानं भाजी विकली आणि पोराला शिकवलं. मित्र वकिली, मास्तरकी बघत होते. हा पुण्याला गेला आणि मानसशास्त्र घेऊन बसला. त्यातही कारखान्यात, कचेरीत माणूस कुणाचं का ऐकतो, एवढाच भाग चवीनं वाचू लागला. प्रबंधासाठी सरांनी विचारलं, कुठला कारखाना घेणार? त्यानं डोळ्याची पापणी न हलवता त्याच जिनचं नाव सांगितलं. मालक दलिचंद शेठला वाटलं, पोरगा माल जास्त कसा काढायचा ते सांगेल. त्यांनी हसत परवानगी दिली. साल होतं एकोणीसशे एकोणसत्तर.

अभिमन प्रश्न छापून घेऊन आला. ‘आपल्या अक्काचा पोरगा’ म्हणत नानानंच त्याला फाटकातून आत घेतलं. बायांना शुद्ध मराठीत विचारू लागला, मुकादमाविषयी आपली काही तक्रार आहे का? बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कापूस टाकणाऱ्यांत सगळ्यात जुनी बेबाबाई म्हणाली, “नाना शेतस ते. नानावर कोनी तक्रार करस का?”

त्या उत्तरावर तो दुपारभर सरकीच्या ढिगाशी बसून राहिला. एवढंच तर होतं! दंडुका नाही, नियम नाही. नुसतं एक नातं. ते काढून घेतलं की या माणसाच्या हातात उरतंय काय?

सरांनी बजावलं होतं, बघायचं, विचारायचं, पण ढवळाढवळ करायची नाही. सरांची आई जिनमध्ये नव्हती. दुसऱ्या दिवशी अभिमन बेबाबाईला म्हणाला, “मावशी, एवढा मोठा अधिकारी आणि तुम्ही त्याले नाना म्हनतस? साहेब म्हना. मान शे त्यांचा.”

पाहता पाहता जिनभर ‘साहेब’ झालं. आणि तोताराम फुगला! इस्त्रीचा कोट घालू लागला, चुकून कुणी नाना म्हटलं तर ऐकू आलं नाही असं दाखवू लागला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना माणूस इतका खूश असतो, हे अभिमन मिटक्या मारत बघत होता.

हंगाम ऐन भरात आला. गाड्या फाटकाबाहेर खोळंबल्या. तोताराम म्हणाला, “बायांनो, आज थांबा जरा.”

बेबाबाईनं हात झटकले. “भोंगा वाजी गया, साहेब.”

“अवं, मन्हासाठे थांबा ना!”

“साहेबासाठे कसं थांबाव? साहेबना तं नियम ऱ्हास.”

बाया निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. मग कुणीतरी पट्ट्याची जाळी मागितली. साहेबाकडे मागायला लाज कसली? दिवाळीनंतर शेठजींनी जळगावहून नवा मुकादम आणला आणि तोतारामला घरी बसवलं. प्रबंधात अभिमननं ‘संबोधनातील बदल’ असं सभ्य प्रकरण लिहिलं. बदल कुणी केला ते लिहिलं नाही. सरांनी पाठ थोपटली.

नंतर एकदा तोताराम देवपुरात आला. कोट नव्हता. शेवंताबाई ओट्यावर डाळ निवडत होती, अभिमन दारात उभा होता. आईला त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

“अक्का, वळखं का? मी नाना. शेठकडे एक शब्द टाकाले सांग ना अभिमनले. त्यानं ते ऐकतीन.”

शेवंताबाईनं सूप खाली ठेवलं. डाव्या हातानं डोक्यावरचा पदर नीट केला. अभिमन दारातून पुढे सरसावला. ही बाई पुन्हा विरघळते की काय!

“वळखं ना,” ती म्हणाली. “बसा, साहेब.”

तोताराम बसला नाही. आल्या पावली गल्लीतून निघून गेला. त्या रात्री अभिमन दोन भाकरी जास्त जेवला.