आधी हात चोळायच्या

बाई आधी आपले तळहात एकमेकांवर चोळायच्या आणि मगच पेशंटच्या अंगाला लावायच्या. "थंड हात लागला की माणूस आक्रसतं," म्हणायच्या. रोह्याच्या त्या छोट्या दवाखान्यात मी नंबर पुकारायचे आणि हे बघून जळायचे. खरं सांगते, जळायचेच. तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, सगळ्यांना आवडणारं.

बाई कातडीच्या डॉक्टर, पेणहून यायच्या. माझ्यासमोर मुक्या बसलेल्या बायका आत गेल्या की भडाभडा बोलायच्या. जांघेतलं, छातीखालचं, सगळं.

मग माझी आईच आली. वर्षभर ती कमरेला, परकराची नाडी बांधते तिथे, खाजवत होती. मी विचारलं की, "काय नाय गो, घामोळं हाय." त्या दिवशी मी तिच्यामागून केबिनमध्ये शिरले तर म्हणते कशी, "तू भायेर बस." पोटच्या लेकीला! वर दाराआडून दोघींचं हसणं ऐकू आलं.

घरी आल्यावर आईने सगळं सांगितलं, तेही बाईंच्या आवाजात. नायटा होता. कडेला लाल गोल, मधे बरा झाल्यासारखा. शेजारणीने दिलेली झटपट खाज थांबवणारी ट्यूब चोळून आईनेच तो पोसला होता. ती आता बंद. नवं मलम गोलाच्या बाहेरपर्यंत लावायचं, खाज गेली तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. टॉवेल वेगळा. आणि परकर उन्हात!

आमच्याकडे बायकांचे परकर मोरीत वाळतात, साडीखाली लपवून. दमट ते दमटच. उन्हात टाक म्हणून मी सांगून थकले होते, तेव्हा "लोकं काय म्हनतील?" आता भर रस्त्यासमोरच्या दोरीवर परकर! विचारलं तर म्हणाली, "बाईंनी सांगितलंय."

यंदा बाई नवऱ्याच्या बदलीपायी नागपूरला गेल्या. निघताना त्यांनी मला जवळ घेतलं, तरी मी ताठच उभी राहिले.

परवा मी भाजी निवडत होते. आई समोर येऊन उभी राहिली, नाडी सैल केली आणि म्हणाली, "बघ गो, परत आला का काय."

मला दाखवत होती, मला! मी हात पुढे केला तर ती मागे सरली.

"आधी हात चोळ. बाई चोळायच्या."

मी मुकाट्याने चोळले.