बियाण्याच्या भातात गेलेली डिस्क

प्लास्टिकच्या चकत्या फेकत फेकत साखळ्यांच्या टोपलीत टाकायच्या, या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. परंदवडीजवळच्या माळावर आम्ही चार-पाच निवृत्त माणसं रविवारी सकाळी तो खेळतो. माळाला लागून एका मावशींचं भातखाचर आहे.

माझ्या पिशवीत चौदा डिस्क असायच्या. त्यातल्या कुठल्या न्यायच्या, यावर मी शनिवारची संध्याकाळ घालवायचो आणि शेवटी चौदाही न्यायचो.

त्या रविवारी भात पिकून वाकलं होतं आणि वारा खाचराच्या दिशेने होता. जवळ पडणारी मऊ डिस्क घ्यावी, हे मला कळत होतं. पण पुण्याहून दोघे नवे आले होते आणि त्यांना मी नुकतंच डिस्कची कड आणि वारा यांचं नातं समजावलं होतं. एवढ्या व्याख्यानानंतर मऊ डिस्क काढणं शोभलं नसतं. मी सगळ्यात लांब जाणारी काढली. ती बांध ओलांडून भातात गेली.

ती पडली त्या कोपऱ्याला काठ्या रोवून सुतळी बांधली होती. गुरांसाठी असेल, असं समजून मी ती उचलली आणि आत शिरलो. डिस्क सापडायला दहा मिनिटं लागली. वळलो तर मावशी बांधावर उभ्या.

"घावली का ताटली?"

"सापडली."

"ते बियाचं व्हतं, भाऊ. म्हयनाभर भेसळ उपटतीय मी त्यातली. एकेक लोंबी बघून."

"बियाण्याला दुसरीकडचं नाही का चालणार?" मी विचारलं. हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. "मंग तुमी एवढ्या कशाला वागवताय? कोणचीबी एक फेकायची की."

पुण्याचे दोघे हसले. मी खाली वाकून आडवी झालेली रोपं उभी करायला लागलो. ती उभी राहत नव्हती. हात लावला की दाणे गळत होते.

"ऱ्हाऊ द्या. तुमी आदी भायेर या," त्या म्हणाल्या. मग स्वतः आत उतरून, उरलेल्या लोंब्या खुडून पदरात घेऊ लागल्या. पदर काही भरला नाही.

आता मी एकच, मऊ डिस्क नेतो. नवे लोक कारण विचारतात. मी वाऱ्याचं सांगतो, ते मान डोलावतात. मावशी बांधावर असल्या, तर तेच कारण जरा हळू आवाजात सांगतो.