नारूच्या काडीवरची चुरस

हरवायला शेजारी कुणीच नसेल, तर तुमची चिकाटी किती दिवस टिकेल?

माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या घोट्यावर फोड आला. उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यावर गार पाणी ओतलं, तसं पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर आलं. "गिनी वर्म," ते म्हणाले. म्हणजे आपला नारू. पिण्याच्या पाण्यातून पोटात जातो, अंगात हातभर वाढतो, वर्षाने कातडी फोडतो.

डॉक्टरांनी ते टोक काडीला गुंडाळलं. "रोज आपण होऊन सुटेल तेवढाच गुंडाळा. ओढलात तर तुटेल. तुटला तर आत सडेल."

शेजारच्या खाटेवर आमचा बांधकरी, म्हणजे शेताला शेत लागून असलेला नागप्पा. दोघांच्या घरी गावातल्या एकाच पायऱ्यांच्या बारवेचं पाणी, म्हणून तोच नारू. आधी कुणाची तिफण चालणार, यावरून दोघांची दरसाल चुरस. पेरणी तोंडावर आलेली.

"अण्णा, माजी काडी भरत आली बग. तुज्या रानातबी मीच पेरू का?"

"आधी उठून तर दाव!"

दुपारी मी पाणी घेऊन परतलो, तर काडी अण्णाच्या हातात होती. नारू तुटला होता.

सांजेपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. अंग तापलं. डॉक्टर म्हणाले, "सेप्सिस. म्हणजे रक्तात विष भिनतंय." त्यांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि मांडीवर शाईने रेघ मारली. "लाली हिच्या वर गेली, तर पाय कापावा लागेल."

मी रेघेवरून नजर काढली नाही. लाली बोटभर खाली होती. मग अर्धं बोट.

नागप्पा भिंतीकडे तोंड करून पडला होता. एकदम म्हणाला, "अण्णा, तुजं रान आधी पेरतो. पर पाय राख."

अण्णा ग्लानीत पुटपुटला, "न्हाय. तुजं आधी."

लाली रेघेला टेकली आणि थांबली. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. पाय वाचला; घोटा कायमचा आखडला.

ह्याच अण्णाने एकट्याने माळ फोडून रान केलं होतं. मी विचारलं, तेव्हा कसा धीर धरलास? तो म्हणाला, "तवा दगडाकडं बगत हुतो. हितं नागप्पाच्या काडीकडं बगत बसलो."

बारवेच्या पायऱ्या बंद करा, रहाट बसवा, असा अर्ज आम्ही सरकारदरबारी चालणाऱ्या उर्दूत लिहवून तहसिलीत दिला आहे. तुम्ही त्याच्या उत्तरासाठी थांबू नका. आजच घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधून पाणी गाळा. आणि ज्याच्या पायाला फोड आहे त्याला बारवेत उतरू देऊ नका; त्या फोडातूनच नारूची पिलं पाण्यात सुटतात. तो तुमचा वैरी असला तरी त्याची घागर तुम्ही भरून द्या.