बिडाचा तवा

नातीनं आज ‘कास्ट आयर्न’चा तवा आणला. त्यावर तेल तापलं, तो वास आला आणि मला हसूच फुटलं. अगं, हे तर आपलं बीड!

लग्न होऊन वसईच्या वाडीत आले, तेव्हा असाच तवा स्टोव्हवर डुगडुगायचा. माहेरी, चांदीप गावात, लोहार वाकडा कोयता ठोकून सरळ करायचा. लोखंड ते लोखंड, म्हणून मी अतिशहाणीनं तव्यावर वरवंटा हाणला. तव्याचे दोन तुकडे! मामंजींच्या आईची ती आठवण. आता आपली रवानगी माहेरी, म्हणून मी रडायलाच लागले.

सासूबाई म्हणाल्या, "बाय माझी, हे ओतीव लोखंड. वितळवून साच्यात ओततात, म्हणून ओतीव. कोयत्यासारखं ठोकून घडवलेलं नाय ते. ठोकलं की फुटतं."

तेवढ्यात मामंजी आत आले. "तवा कुणी फोडला?"

"माझ्या हातून पडला," सासूबाई म्हणाल्या आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या एका वाक्यानं मी या घरची झाले.

"आजी, हा फुटला तर आई ओरडेल," नात म्हणाली.

"खुशाल माझं नाव सांग. आपल्या घरची रीतच आहे ती."