तेरावा ढीग

सरांना चहा विचारला तरी ते म्हणत, “नक्की अर्धा कप, की कदाचित पूर्ण?” बाकीचे हसून सोडून देत. मी त्यांच्याकडे सर्वेक्षणाच्या कामाला होते, त्यामुळे मला सुटका नव्हती.

सर जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवत. जोखीम समोर असताना माणसं निवड कशी करतात, याचे पुस्तकी सिद्धान्त आपल्याकडे लागू पडतात का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यावर पीएच.डी. झाली की नोकरी कायम होणार होती.

आम्ही तूरडाळीची पोती घेऊन गावोगाव फिरायचो. एकेका बाईला शाळेच्या खोलीत बोलवायचं. एक किलो डाळ नक्की घ्या, नाहीतर पिशवीतून चिठ्ठी काढा. लिहिलेली निघाली तर तीन किलो, कोरी निघाली तर काहीच नाही. बहुतेक जणी मुकाट किलोभर घेऊन जात. “कोरी निघाली तर काय चिठ्ठी शिजवू?” एकीनं मलाच सुनावलं.

धुळ्याजवळच्या एका गावात मात्र बाराच्या बारा जणींनी चिठ्ठी काढली. सर हरखले. बाहेर येऊन पाहतो तर ओट्यावर लुगडं पसरून सगळ्यांची डाळ एकत्र ओतलेली, आणि त्यांच्यातली थोरली अक्का वाटीनं तेरा ढीग घालत बसलेली.

“एकली कसाले हारू, सर? बठ्ठ्या मिळीसन वाटी लेतस.”

तेरावा ढीग सरांचा होता. “मी खेळात नाही, अक्का,” म्हणून त्यांनी तो परत केला.

सरांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणाले, हे गाव वगळा. मीही तेच म्हटलं. “कोण विचारणारे, सर? पदवी तर नक्की आहे.”

“वगळलं की निकाल छान येतो. म्हणूनच वगळता येत नाही. पुस्तकातला माणूस एकटा असतो. या बायका एकट्या नाहीत.”

मी त्याला वेडेपणा म्हटलं, आजही म्हणते. मार्गदर्शकांनी प्रबंधावर सही केली नाही. पुढच्या जूनमध्ये कॉलेजनं सरांना बोलावलं नाही. ते बोदवडला एका शिकवणीवर्गात लागले.

धुळ्याच्या बाजारात अक्का भेटली तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. ती गेली आणि किलोभर डाळ बांधून घेऊन आली. बोदवडला जाऊन मी ती सरांपुढे ठेवली आणि तिचा निरोप जसाच्या तसा सांगितला: “सर हारनात ना? मंग त्यासना वाटा शेच.”

सरांनी पिशवी घेतली. या वेळी ‘नक्की की कदाचित’ असं विचारलं नाही.