दसऱ्याआधी आवरलेल्या हेडर फाइली

दसऱ्याआधी घरातला डबा न डबा उतरवून घासायची आमच्या आईला खोड. ती माझ्यात उतरली, पण भलत्याच जागी. घरी मी चहाचा कप उचलत नाही, मरोळच्या ऑफिसात मात्र प्रोग्रॅमच्या हेडर फाइली आवरायला बसलो.

आम्ही दारांची इलेक्ट्रॉनिक कुलपं बनवतो. कुलपाच्या चिपमध्ये एक तिजोरी असते, तिला नंबरांचे कप्पे, आणि कप्प्यांत गुप्त किल्ल्या. कुठल्या कप्प्यात काय, याची यादी हेडर फाइलीत असते. ती कशीही लिहिलेली, मला बघवेना! मी ती अक्षरांच्या क्रमाने लावली आणि स्वतःवरच खूश झालो. यादीतला क्रम म्हणजेच कप्प्याचा नंबर, हे पंधरा वर्षं या धंद्यात काढलेल्या शहाण्याच्या डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ग्राहकाला दाखवायचे कुलपांचे आठही सर्किट बोर्ड पूजेला मांडले. आमच्या टीममधल्या नव्या मुलीने त्यांना हौसेने हळदकुंकू वाहिलं. पूजा झाल्यावर माझा नवा प्रोग्रॅम घालून बोर्ड चालू केले. प्रत्येक बोर्डाने तीनदा चुकीच्या कप्प्यातली किल्ली लावली आणि चोर समजून चिपने स्वतःला कायमचं बंद करून घेतलं. आठही गेले.

"कुंकू गेलंय आत!" साहेब ओरडले. "अक्कल आहे का हिला?"

तिला त्याच महिन्यात नोकरीत कायम करायचं होतं. बिचारी स्पिरिट घेऊन बोर्ड पुसत बसली. इकडे मी माझी यादी उघडली आणि कप्प्यांचे नंबर हलल्याचं दिसलं. मग या शूरवीराने काय केलं? तिच्या शेजारी बसून कापसाचे बोळे करून दिले. "होईल गं ठीक," असंही म्हणालो. आज सांगतानाही लाज वाटते.

जेवायच्या सुट्टीआधी साहेब म्हणाले, "हिचं कायम करायचं राहू दे सध्या." तेव्हा कुठे मी उठलो.

"सर, कुंकवाने काही झालेलं नाही. यादी मी हलवली. वाट मी लावली."

साहेबांनी माझी यथेच्छ खरडपट्टी काढली, तिचं कायम केल्याचं पत्र निघेल असंही सांगितलं. मला उगाच हलकं वाटायला लागलं. माफी मागायला तिच्याकडे गेलो.

"दादा, तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"साडेदहाला."

तिने घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजला होता.

"तीन तास मी घरी काय सांगू याचा विचार करत होते," ती म्हणाली आणि डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.