सतरा चिठ्ठ्या

आमच्या हिच्या चित्रांचं सिल्वासात पहिलं प्रदर्शन भरलं, त्या सकाळी मी एक शहाणपणा केला. मी कोकणातून इथे सरकारी नोकरीला आलेला कारकून माणूस. विषय न लिहिलेला कागद मी जन्मात पुढे सरकवलेला नाही. आणि हिच्या सतरा चित्रांपैकी एकालाही नाव नव्हतं!

"नावं कशाला? लोकांना नुसतं बघू दे," ही म्हणाली होती. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता वीस वर्षं तिने या दिवसाची वाट पाहिली होती. लोक हसले तर? चित्रंच तशी! आमच्या ओट्यावर वासोण्याच्या सफारीतला सिंह कणीक मळतोय, दमणगंगा जिना चढून गच्चीवर आलीय. शेंडा ना बुडखा. मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि नवरा म्हणून सगळे विचारणार मलाच.

म्हणून ही साडी बदलायला घरी गेली, तेवढ्यात मी प्रत्येक चित्राखाली टाइप केलेली चिठ्ठी चिकटवली. 'ओट्यावर सिंह.' 'नदी, गच्चीवर.' एका चित्रापाशी मात्र अडलो. नदीच्या मधोमध खुर्ची, तीवर बनियनमधला माणूस, तोंडाच्या जागी उघडं वर्तमानपत्र, हातातल्या कपात मासा. कोण हा बाबा? बराच वेळ पाहिलं. शेवटी हातानेच लिहिलं, 'अनोळखी माणूस.'

लोक आले. एका गुजराती बाईंनी सिंहाखालची चिठ्ठी वाचून "सरस!" म्हटलं, तसा मी फुशारलो. मग आमचा शेजारी आला. हा धुळ्याचा, गलोंड्याच्या कारखान्यात असतो. त्या खुर्चीपुढे थांबून तो खो खो हसायलाच लागला. "अनोळखी? भाऊ, हे तं तुम्हीच! रोज सकाळी गॅलरीत असेच तं बसता. खांद्यावरचे निळे टाके बी तेच!"

मी पुन्हा पाहिलं. खरंच टाके होते. बनियन शिवताना पांढरा दोरा सापडला नव्हता म्हणून हिने निळा घातला होता, आणि त्यावरूनही मी तिला बोललो होतो. कानशिलं तापली. मला स्वतःलाच ओळखता येऊ नये? की हिला मी असाच दिसतो? रागवावं की रडावं, काही सुचेना.

ही मागे कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. एका टोकापासून निघाली आणि एकेक चिठ्ठी नखाने सोडवत गेली. सिंहाची, नदीची, सगळ्या. करायला गेलो गणपती, झाला मारुती! शेवटी खुर्चीपाशी आली, चिठ्ठी वाचली आणि उचललेला हात खाली घेतला.

"अगं, हीपण काढ ना," मी हळूच म्हणालो. "लोक हसतायत."

"राहू द्या," ती म्हणाली. "तेवढं एक नाव बरोबर पडलंय."